महाग पेट्रोल मोटारसायकलला परवडते काय?

कामशेत, वडगाव, लोणावळा या पट्ट्यात पाव, अंडी, दूध, चिक्की पोहोचविणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांचा निम्मा दिवस मोटारसायकलवर जातो. त्यातील काही बांधव पंपावर आवर्जून ‘प्रीमियम’ मागतात. गाडी जास्त पळते, घाट हलका होतो, अशी त्यांची समजूत. ही समजूत खिशाला केवढ्याला पडते, ते पाहू.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये दाबले गेलेले मिश्रण आपोआप भडकू न देण्याचा तो गुण आहे. असे भडकले की इंजिन टकटक वाजते. जिथे दाब फार, तिथे ऑक्टेन जास्त लागतो. हिरो स्प्लेंडरमध्ये मिश्रण सुमारे दहापट दाबले जाते, केटीएम 390 मध्ये साडेबारापटीच्या आसपास. स्प्लेंडरला 91 पुरते. वरचा ऑक्टेन तिच्या कामाचा नाही. शिवाय आता साध्या पेट्रोलमध्येही 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉलचा ऑक्टेन 108 च्या घरात असल्याने मिश्रणाचाही वाढतो.

डिसेंबर 2020 मध्ये इंडियन ऑइलने 100 ऑक्टेनचे पेट्रोल दहा शहरांत आणले, त्यात पुणेही होते. तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला 160 रुपये होता. तो माल महागड्या, जोरदार इंजिनांसाठी होता. पावाच्या क्रेट वाहणाऱ्या गाडीसाठी नव्हे.

आता हिशेब. साधे 104 रुपये आणि प्रीमियम 112 रुपये धरा. महिन्याला 40 लिटर लागत असेल तर जादा 320 रुपये, वर्षाला 3,840. हा पैसा वसूल व्हायचा तर लिटरला 50 किलोमीटर देणाऱ्या गाडीने जवळजवळ 54 दिले पाहिजेत. नुसत्या ऑक्टेनने ते होत नाही. प्रीमियममधील साफसफाईच्या रसायनांनी इंजेक्टर स्वच्छ राहतो हे खरे, पण तो ऑक्टेनचा गुण नव्हे.

घाटाचे काय? मोटारसायकलला द्रुतगती मार्गावर मनाई, म्हणजे खोपोलीहून जुन्या रस्त्यानेच चढायचे. त्या चढावर गाडी वाजते ती बहुधा वरच्या गिअरमध्ये ओढल्यामुळे. गिअर उतरवा, आवाज जातो. तरीही गेला नाही तर कार्बन आणि प्लग पाहून घ्या. लोणावळ्याच्या सुमारे 620 मीटर उंचीवर हवा विरळ, म्हणून ऑक्टेनची गरज उलट किंचित कमीच होते!

ज्यांच्या गाडीच्या पुस्तिकेत 95 लिहिले आहे त्यांनी मात्र काटकसर करू नये. बाकीच्यांनी एकाच रस्त्यावर, तेवढ्याच ओझ्याने, टाकी फुल ते फुल अशा तीन टाक्या साध्या व तीन प्रीमियमच्या चालवून किलोमीटर वहीत मांडावेत. एका टाकीवर निकाल लावू नये. पावसाळ्यातल्या कार्ला फाट्याच्या गर्दीत कोणतेही पेट्रोल कमीच भरते.