दुकानाचा सर्व्हर : सॉफ्टवेअर निवडताना काय पाहावे?

जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर ज्याच्या मोबाईलमध्ये मालाचे फोटो नाहीत असा कापड दुकानदार आज क्वचितच सापडेल. पण हे फोटो, भाव, उधारीच्या याद्या ज्या पेटीत ठेवल्या जातात ती पेटी कोणाची आणि तिची किल्ली कोणाकडे, हे आपण विचारीत नाही. आम्हीही विचारले नव्हते, आणि त्याची किंमत मोजली.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका संगणकवाल्याकडून दुकानाचे संकेतस्थळ बनवून घेतले. साड्या आणि ड्रेस मटेरियलचे चारशेवर नमुने त्यावर चढविले. संकेतस्थळाचे नाव त्याने स्वतःच्या नावे नोंदविले होते, सर्व्हरचा पासवर्डही त्याच्यापाशीच. तिसऱ्या वर्षी त्याने धंदा आटोपून गाव सोडले. वार्षिक फी कोणी भरली नाही आणि एके सकाळी सुरतेच्या आडत्याचा फोन आला, "सेठ, दुकान बंद केले काय?" नमुने तर गेलेच, त्यासोबत बाहेरगावच्या ग्राहकांच्या चौकशाही गेल्या.

म्हणून सॉफ्टवेअरचे नाव विचारण्याआधी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. संकेतस्थळाचे नाव आपल्या पेढीच्या नावे नोंदलेले असावे, आणि आतील सारी माहिती आपल्याला हवी तेव्हा बाहेर काढून दुसरीकडे नेता यावी. भाड्याचे गोदाम घेताना माल उचलण्याचा हक्क आपण लिहून घेतोच की!

आता सॉफ्टवेअरकडे वळू. सर्व्हरला दुकानात दोन कामे असतात. एक, बाहेरच्यांना माल दाखविणे. दुसरे, मुनीम, गोदामवाला, यंत्रमागवाले आणि आपण यांनी एकाच वहीवर काम करणे. पहिले दुकानाचे दर्शनी फळीचे, दुसरे मागच्या खोलीचे. दोन्ही एकाच ठिकाणी कोंबले की ग्राहकाला खरेदीचा भाव दिसण्याची वेळ येते.

दर्शनी कामासाठी सर्वांत चालणारे नाव म्हणजे वर्डप्रेस. हे २००३ साली निघाले आणि आज जगातील दर पाच संकेतस्थळांपैकी सुमारे दोन त्यावर चालतात. त्याच्याखाली अपाचे (१९९५) किंवा एनजिनएक्स (२००४) हे सर्व्हर सॉफ्टवेअर लागते. ही तिन्ही मुक्त परवान्याची आहेत, म्हणजे परवान्याचे पैसे नाहीत. मात्र फुकट म्हणजे बिनखर्चाचे नव्हे. सर्व्हरचे भाडे आणि देखरेख करणाऱ्याची मजुरी द्यावीच लागते. शिवाय वर्डप्रेसला जितकी उपरी जोडसॉफ्टवेअरे लावाल तितकी चोरवाटांची भीती. सुधारित आवृत्ती वेळेवर न चढविणे म्हणजे दुकानाचे शटर अर्धे उघडे टाकून घरी जाणे. कुलूपबंद पत्त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून विनामूल्य मिळते; त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागत असेल तर का, ते विचारावे.

आमच्या वाचकांसाठी भाषेचा प्रश्न महत्त्वाचा. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, ग्राहक मराठी, आणि पाट्या दोन्ही लिप्यांत. वर्डप्रेस मराठीतही चालते आणि उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या उर्दूतही. परंतु जुन्या इनपेजमध्ये टाइप केलेला उर्दू मजकूर किंवा जुन्या मराठी फॉन्टमधील मजकूर तसाच उचलून टाकला तर पडद्यावर चिन्हांचा खिचडा होतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. सौदा करण्यापूर्वी दोन्ही लिप्यांतील एकेक पान समोर उघडून दाखवा, असे सांगावे. नस्तालीक अक्षर नीट उमटते की नाही, ते तिथेच कळते.

मागच्या खोलीसाठी महाराष्ट्रातलेच एक उदाहरण आहे. मुंबईचे ऋषभ मेहता यांनी आपल्या घरच्या फर्निचरच्या व्यवसायासाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहिण्यास सुरुवात केली. त्यातूनच ईआरपीनेक्स्ट उभे राहिले आणि ते मुक्त परवान्याने खुले केले गेले. खरेदी, साठा, उधारी, कारखान्यातील काम हे सारे त्यात आहे. जीएसटीसाठी वेगळी जोडणी मिळते. यातली आम्हाला पटलेली बाब म्हणजे अधिकारांची वाटणी. गोदामवाल्याला तागे किती आहेत ते दिसते, खरेदीचा भाव दिसत नाही. आणि माणसे वाढली तरी दरडोई परवान्याचे पैसे वाढत नाहीत. पण हे जड सॉफ्टवेअर आहे. ते बसविणारा जाणकार आपल्या गावात किंवा फोनवर तरी मिळतो का, ते आधी पाहावे. चार तागे विकणाऱ्या छोट्या दुकानाला याची गरज नाही. त्याने हा उद्योग करू नये.

फक्त कागदपत्रे, डिझाइनच्या फाइली आणि कामाच्या तारखा वाटून घ्यायच्या असतील तर नेक्स्टक्लाउड पुरे. २०१६ साली जर्मनीत ते सुरू झाले. धुळ्याच्या एखाद्या मागवाल्याला नवीन बॉर्डरचे चित्र पाठवायचे आणि त्याने केलेली दुरुस्ती त्याच फाइलवर पाहायची, एवढे काम त्यात छान होते.

सर्व्हर दुकानात ठेवावा की भाड्याने घ्यावा? खान्देशातला उन्हाळा आणि जाणारी वीज पाहता बाहेर दाखविण्याचा सर्व्हर भाड्यानेच घेतलेला बरा. आतल्या हिशेबाचा दुकानात ठेवता येतो, पण इन्व्हर्टर हवा आणि नक्कल दुसऱ्या गावी हवी. ग्राहकांचे पत्ते आणि उधारी ही लोकांची अमानत आहे. एका आगीत किंवा खंडणीखोर व्हायरसने ती जाता कामा नये.

आमच्या जळगावच्या दुकानाची नक्कल आता दर आठवड्याला एका डिस्कवर धुळ्याला जाते आणि धुळ्याची इकडे येते. डिस्क नक्कल घेण्यापुरतीच यंत्राला जोडतो, एरवी कपाटात. गेल्या महिन्यात भाच्याने ती एका रिकाम्या संगणकावर उघडून पाहिली, तर उधारीची यादी होती पण नमुन्यांचे फोटो नव्हते. नक्कल घेणाऱ्या आज्ञेत फोटोंचा कप्पाच लिहायचा राहिला होता. तो त्याच दिवशी लिहून घेतला.