दुभत्या जनावराचा हिशेब : वेतापासून वेतापर्यंत

महाडनजीक सावित्रीच्या तीरावर असलेले सव हे गाव ऊन पाण्याच्या झऱ्यांकरिता प्रसिद्ध आहे. ह्या गावी व सभोवतालच्या महाड-पोलादपूर टापूत भात हे मुख्य पीक असल्यामुळे पेंढा घरचा, आणि पेंढा घरचा म्हणून दूध जवळजवळ फुकटचे, अशी पुष्कळांची समजूत आहे. ही समजूत कशी घातक आहे, हे येथे दाखविण्याचे योजिले आहे.

सामान्यतः आपण रोजच्या दुधाच्या पैशांतून पेंडीचा खर्च वजा करून नफातोटा ठरवितो. परंतु जनावर भाकड असतानाही खातेच. म्हणून हिशेब एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंत धरला पाहिजे. म्हैस सुमारे ३१० दिवस गाभण असते. व्याल्यानंतर १०० दिवसांत ती गाभण राहिली, तर दोन वेतांत साडेतेरा महिन्यांचे अंतर पडते. तिचा माज मुका असतो व तो हुकला की २१ दिवस फुकट जातात. तीन माज हुकल्यास ६३ दिवस झाले. भाकड जनावराचा रोजचा खर्च १५० रुपये धरिला, तर ९,४५० रुपये बुडाले. आम्हीही एक म्हैस तोट्याची म्हणून विकली होती. पुढे वही चाळता असे आढळले की, दोष म्हशीचा नसून माज न ओळखणाऱ्या आम्हा धन्यांचा होता.

सबब पहाटे व रात्री निजण्यापूर्वी जनावर न्याहाळावे. माज सकाळी दिसल्यास सायंकाळी, व सायंकाळी दिसल्यास दुसरे दिवशी सकाळी रेतन करवावे. तीन महिन्यांनी पशुवैद्याकडून गाभ तपासून घ्यावा.

आता खाद्याविषयी. पेंढ्याने पोट भरते, पण त्यात प्रथिने शेकडा तीन-चारच असतात. त्याचा कस वाढविण्यासाठी १०० किलो कोरड्या पेंढ्यास ४ किलो युरिया ४० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडावा, आणि ढीग दाबून २१ दिवस हवाबंद ठेवावा. काढलेला पेंढा उग्र वास जाईपर्यंत पसरावा व हळूहळू सवय लावून घालावा. सहा महिन्यांखालील वासरांस तो देऊ नये. युरिया नुसता किंवा पाण्यातून पोटात गेल्यास जनावर दगावते, हे घरातील सर्वांस सांगून ठेवावे.

आंबोण शरीरपोषणाकरिता एक ते दीड किलो, व त्याशिवाय म्हशीस दर दोन लिटर दुधामागे आणि गाईस दर अडीच लिटरमागे एक किलो द्यावे. क्षारमिश्रण रोज ५० ग्रॅम पुरे. विण्यापूर्वी ६० दिवस दूध आटवावे. त्या काळात आंबोणात काटकसर केल्यास पुढील वेतात दूध घटते.

आमच्याकडील अतिवृष्टीत रोगांचा खर्च विशेष. घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वी, आणि लाळ्या-खुरकुताची वर्षातून दोनदा टोचून घ्यावी. खाचरांतील साचलेल्या पाण्यात गोगलगाई असतात व त्यांच्यायोगे यकृतातील चपटे कृमी जनावरांस जडतात. तेथील काठचे गवत चारू नये. धार काढल्यावर पुढ्यात वैरण टाकावी, म्हणजे जनावर अर्धा तास उभे राहते व ओल्या जमिनीवरून सडांत रोग शिरत नाही. २२ जुलै २०२१ च्या महापुराने महाडकरांस शिकविले की, वैरण उंचावरच साठविली पाहिजे. भिजून बुरसलेला पेंढा कितीही हळहळ वाटली तरी खाऊ घालू नये.

शेवटी वहीविषयी. जमेस विकलेल्या दुधाबरोबर घरी वापरलेले दूध, शेणखत व वासरू धरावे. खर्चास घरचा पेंढा बाजारभावाने, घरच्या माणसांची मजुरी व औषधपाणी लिहावे. शिवाय प्रत्येक जनावराच्या चार तारखा टिपाव्या : व्याल्याची, माजाची, रेतनाची व दूध आटविल्याची. ह्या चार तारखा ज्याच्या वहीत आहेत, त्याने जनावर विकावयाचे ठरविले तरी ते समजूनउमजून विकले जाईल. आमच्यासारखे अज्ञानाने नव्हे.