पत आणि मर्यादा

ज्येष्ठाचा महिना अर्धा सरला कीं शहापूर व मुरबाड तालुक्यांतील गांवोगांवीं एकच घाई दिसूं लागते. राब भाजून झालेले असतात, पेरणी तोंडावर आलेली असते आणि पुढें आवणाच्या मजुरीची तजवीज करावयाची असते. अशा वेळीं शेतकरी विविध कार्यकारी सोसायटीच्या दारांत जाऊन उभा राहतो. त्याच्याजवळ किसान क्रेडिट कार्ड असतें, सभासदाचें पुस्तक असतें. सचिव वही पाहून सांगतात, "तुमची मर्यादा इतकीच." गरज मोठी, मर्यादा लहान! तो मनुष्य मुकाट्यानें घरीं परततो आणि रात्रीं ओटीवर बसून म्हणतो, "सोसायटी आपली म्हणतात, पण पैसा मागावयास गेलें कीं ती परक्याची होते."

हे शब्द आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं आपापल्या घरीं ऐकले असतील. त्यांत खरें किती आणि रागाचें किती, हें शांतपणें पाहावें, याकरितां हा पाठ आम्हीं लिहिला आहे. ज्या नियमावर रागवावयाचें तो नियम अगोदर समजला पाहिजे. न समजतां केलेला राग आपल्यालाच जाळतो.

प्रथम पत म्हणजे काय तें पाहूं. आज घेतलेलें उद्यां परत करील असा दुसऱ्याचा आपल्यावरील विश्वास, तीच आपली पत. श्रीमंताची पत त्याच्या मालमत्तेवर उभी असते. गरिबाजवळ मालमत्ता नसते; म्हणून पूर्वीच्या काळीं त्याची पत सावकाराच्या मर्जीवर असे. त्या मर्जीची किंमत काय पडे, तें इतिहासानें नोंदून ठेविलें आहे. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व खतें जाळलीं. ती आग पुणें व नगर जिल्ह्यांत पसरली आणि सरकारास १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला.

आपल्या ठाणें जिल्ह्याच्या जंगलपट्टींत गोष्ट याहूनही कठीण होती. पावसाळ्यांत खाण्याकरितां घेतलेलें भात सुगींत सवाईनें वा दिढीनें फेडावें लागे. लग्नाकरितां कर्ज काढणारा आदिवासी तरुण जमीनदाराचा 'लग्नगडी' होई, आणि तो व त्याची बायको वर्षानुवर्षें त्याच्या शेतावर राबत. १९४५ सालच्या जानेवारींत आपल्या शेजारच्या टिटवाळा येथें किसान सभेची परिषद भरली व त्यानंतर गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं या वेठीविरुद्ध वारली बांधव उठले. वेठबिगार नाहींशी करणारा कायदा सर्व देशास लागू होण्यास मात्र १९७६ साल उजाडावें लागलें. तात्पर्य, ज्या कर्जास मर्यादा नव्हती, त्या कर्जानें माणूसच गिळला.

यावर उपाय निघाला तो दूरच्या जर्मनींत. फ्रेडरिक विल्हेल्म रायफायझन हा खेड्यांचा कारभार पाहणारा अधिकारी होता. १८४६-४७ च्या दुष्काळांत त्यानें भुकेल्यांस भाकरी पुरविणारें मंडळ काढलें. पुढें त्यास दिसून आलें कीं दानानें एक दिवस भागतो, पण पत मिळाली तर वर्ष निघतें. म्हणून १८६४ सालीं त्यानें हेडेसडोर्फ येथें कर्ज देणारी संस्था स्थापिली. तिचे नियम साधे होते: क्षेत्र लहान असावें, म्हणजे सभासद एकमेकांस ओळखतील, कर्ज उपयोगाच्या कामासच द्यावें, आणि एकानें बुडविलें तर भार सर्वांनीं सोसावा. याच धर्तीवर हिंदुस्थानांत १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. खेड्यांतील संस्थांस भांडवल मिळावें म्हणून १९११ सालीं विठ्ठलदास ठाकरसी व लल्लुभाई सामळदास यांच्या पुढाकारानें मुंबईस मध्यवर्ती सहकारी बँक उभी राहिली. तीच आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक होय.

येथें मर्यादेचें पहिलें कारण ध्यानांत येईल. सोसायटीच्या पेटींतील पैसा सोसायटीनें छापलेला नसतो. तो कोणा विधवेच्या ठेवीचा, कोणा पेन्शनराच्या शिल्लकीचा, कोणा शेजाऱ्याच्या भागभांडवलाचा असतो. आपल्या तालुक्यांतील तानसा धरणाचें उदाहरण घ्या. १८९२ सालापासून तें मुंबईस पाणी पुरवीत आहे. भिंत नसती तर पाणी सांठलेंच नसतें; पण भिंतीस दारें नसतीं तर सांठलेलें पाणी कोणाच्याच मुखीं लागलें नसतें. पतसंस्थेचेंही तसेंच आहे. मर्यादा ही तिची भिंत होय. तक्रार करावयाची ती भिंतीविषयीं नव्हे. दारें वेळेवर उघडतात कीं नाहीं, याविषयीं करावी.

आतां ही मर्यादा कशी ठरते तें पाहूं. किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ सालीं सुरू झाली आणि २०१२ सालीं ती सुधारण्यांत आली. सुधारित योजनेचा हिशेब असा: प्रत्येक पिकास एकरीं वा हेक्टरीं किती खर्च येतो, हें जिल्ह्याची तांत्रिक समिति ठरविते. त्या दरानें जमिनीचें क्षेत्र गुणावें. येणाऱ्या रकमेंत घरखर्च व काढणीनंतरचा खर्च म्हणून शेंकडा १० आणि अवजारें, बांध वगैरेंच्या डागडुजीसाठीं शेंकडा २० मिळवावे. पीकविम्याचा हप्ता निराळा. ही पहिल्या वर्षाची मर्यादा. पुढें पांच वर्षेंपर्यंत दर वर्षीं तींत शेंकडा १० ची वाढ धरावी.

उदाहरणासाठीं दर एकरीं २५,००० रुपये धरूं. दोन एकर भाताचे ५०,००० झाले. त्यांत ५,००० व १०,००० मिळविले म्हणजे ६५,००० होतात. दुसऱ्या वर्षीं ७१,५००, तिसऱ्या वर्षीं ७८,६५०. हिशेब इतका सरळ आहे. मग घरोघर तक्रार कां?

पहिलें कारण सातबारा. आजोबांच्या नांवें असलेली चार एकर जमीन आतां आठ वारसांच्या नांवें असते. कसणारा एकटा, पण कागदावर त्याचा वांटा अर्धा एकर. म्हणून त्याची मर्यादाही अर्ध्या एकराची. इतरांची संमति आणावी तर एक मुंबईस, दुसरा सुरतेस. कित्येक ठिकाणीं तर आजोबा जाऊन वीस वर्षें झालीं तरी वारसांची नोंदच झालेली नसते. हा दोष पतसंस्थेचा नव्हे, आपल्या आळसाचा आहे. वनहक्क कायद्याखालीं मिळालेल्या जमिनीची गोष्ट वेगळी. ती वारसानें मिळते, पण विकतां अगर हस्तांतरित करतां येत नाहीं. हें बंधन आदिवासींच्या रक्षणाकरितांच घातलेलें आहे. तथापि जमिनीचें तारण मागणाऱ्या दारीं त्यामुळें अडचण येते. अशांनीं हें जाणावें कीं १ जानेवारी २०२५ पासून २ लक्ष रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जास तारण मागूं नये असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. आणि कुळें, वाटेकरी व बचत गट यांसही कार्डाची योजना खुली आहे.

दुसरें कारण शेअरची कपात. कर्ज मंजूर होतें एक, हातीं पडतें त्याहून कमी. कर्जाच्या प्रमाणांत सभासदाचे शेअर वाढावे म्हणून शेंकडा कांहीं रक्कम कापून घेतली जाते. ही रक्कम आपल्याच नांवें जमा असते; पण हें कोणी समजावून सांगितलें नाहीं तर ती लूट वाटते. न सांगतां केलेली न्याय्य गोष्टही अन्यायासारखी दिसते, हें संस्थेच्या चालकांनीं ध्यानांत ठेवावें.

तिसरें कारण सर्वांत बोचणारें. त्यास आपल्याकडे 'नवें-जुनें करणें' म्हणतात. ३ लक्षांपर्यंतच्या पीककर्जास शेंकडा ७ व्याज; वेळेवर फेडणारास केंद्र सरकारची ३ टक्क्यांची सूट, आणि महाराष्ट्रांत २०२१-२२ सालापासून राज्याच्या सवलतीमुळें वेळेवर फेडणारास व्याज शून्य. योजना उत्तमच. पण मार्चअखेर हातांत पैसा नसतो. मग शेतकरी खासगी सावकाराकडून दरमहा शेंकडा ५ नें ६५,००० घेतो, सोसायटींत भरतो आणि नवें कर्ज मिळतांच सावकारास फेडतो. एका महिन्याचें हें व्याज ३,२५० रुपये. वेळेवर भरल्यानें वाचलेलें सोसायटीचें व्याज ४,५५० रुपये. म्हणजे सरकारनें दिलेल्या सवलतींतील दोन तृतीयांशांहून अधिक भाग सावकाराच्या घरीं गेला. आणि नवें कर्ज मिळण्यास दोन महिने लागले तर ६,५०० रुपये जाऊन उलट तोटाच झाला! दाराच्या वेळा पाण्याच्या वेळांशीं जुळल्या नाहींत म्हणजे काय होतें, त्याचें हें उदाहरण.

चौथें कारण खात्याचे नियम. दोन वर्षें व्यवहार न केलेलें बँकेचें खातें निष्क्रिय होतें; ओळखीचे कागद नव्यानें दिल्यावांचून तें उघडत नाहीं. दहा वर्षें पडून राहिलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधींत जाते, तरी ती मागण्याचा खातेदाराचा वा वारसाचा हक्क जात नाहीं. बँकेंतील ठेवीस २०२० सालापासून ५ लक्षांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. पतसंस्थेंतील ठेवीस तो विमा नाहीं, हा भेद प्रत्येक पालकानें जाणावा. नियम कधीं कधीं निरपराध्यांसही भोंवतात. १४ नोव्हेंबर २०१६ रोजीं जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांस जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली, तेव्हां ज्यांचें एकमेव खातें अशा बँकेंत होतें ते शेतकरी ऐन रब्बींत अडून बसले. अशा प्रसंगीं झालेली चीड रास्त होती.

हें सर्व आम्ही शाळेच्या अंकांत कां लिहितों? कारण मर्यादा अपुरी पडली म्हणजे तिची उणीव कोण भरून काढतो, हें आम्ही वर्गांत बसून पाहतों. सोसायटींत भागलें नाहीं म्हणजे वीटभट्टीच्या मालकाची उचल घेतली जाते. दिवाळीनंतर कुटुंब भिवंडीकडे वा कल्याणकडे भट्टीवर जातें आणि बांकावरील एक जागा रिकामी होते. पावसाळा आला कीं मूल परत येतें, पण तोंवर परीक्षा होऊन गेलेली असते. सचिवाच्या वहींतील एका आंकड्याचा शेवट हजेरीपुस्तकांतील एका रेघेंत होतो.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे. वारसनोंद आजच करा. कर्ज नाकारलें अगर कमी केलें तर कारण लेखी मागा; लेखी कारणावर दाद मागतां येते, तोंडीं कारणावर येत नाहीं. आणि ३० सप्टेंबरपूर्वीं होणारी सोसायटीची वार्षिक सभा चुकवूं नका. तेथें पन्नास एकरवाल्यास एक मत व अर्ध्या एकरवाल्यासही एकच मत, हाच सहकाराचा गाभा. जो सभेस जात नाहीं त्यास ओटीवर बसून रागवण्याचा अधिकार थोडा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, घरांत वाचणारे कदाचित् तुम्हीच पहिले असाल. वडिलांचें पुस्तक त्यांना वाचून दाखवा. पुढील प्रश्न त्यांच्याजवळ बसून सोडवा:

१. आपल्या सातबाऱ्यावर किती नांवें आहेत? त्यांपैकीं हयात किती?

२. दीड एकर भात, दर एकरीं २४,००० रुपये धरल्यास पहिल्या व दुसऱ्या वर्षाची मर्यादा किती येईल?

३. दरमहा शेंकडा ५ म्हणजे सालीना शेंकडा किती? सोसायटीच्या दराशीं तो ताडून पाहा.

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर जो आपल्या आईवडिलांस नीट समजावून सांगेल, त्यानें हा पाठ पुरा केला असें आम्ही समजूं.