न वाजलेली घंटी

चोवीस वर्षं मी प्रवासी बस चालवतोय. एक घंटी थांबायची, दोन निघायच्या, हे अंगात मुरलेलं. सहा वर्षांपूर्वी दिवाळीच्या गर्दीत एका थांब्यावर मला स्पष्ट दोन घंट्या ऐकू आल्या. मी गाडी काढली. मागून कंडक्टर ओरडला, "दादा, थांबा! बेल दिलीच नाही!" आरशात बघतो तर एका आजीचा एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, हात दांड्याला घट्ट. गाडी हातभर सरकली होती. आजींना काही झालं नाही. माझे हात मात्र डेपोत पोचेपर्यंत थरथरत होते.

शरीर तीन महिने आधीपासून सांगत होतं. मुक्कामाच्या गाडीवरून आलो तरी झोप लागायची नाही. लागलीच तर बायको हलवून उठवायची, "अहो, झोपेत पाय कसला दाबताय?" माझा उजवा पाय ब्रेक शोधत असायचा. छातीत धडधड, पोरांवर वसकन ओरडणं, जेवणावरची वासना गेलेली. मी त्याला पित्त म्हणत राहिलो. घराचा हप्ता होता, म्हणून डबल ड्युटीही सोडली नाही. आणि डोक्याच्या डॉक्टरकडे गेल्याचं कळलं तर स्टिअरिंग जाईल, ही भीती. त्या भीतीपायी पन्नास जीव मागे बसवून मी फिरत होतो. ही माझी चूक.

दुसऱ्या दिवशी कंडक्टरच मला सिव्हिल हॉस्पिटलला घेऊन गेला. रजा, औषधं, डॉक्टरांशी मोकळं बोलणं. अडीच महिन्यांनी पुन्हा ड्युटीवर आलो.

म्हणून सांगतो. दोन आठवडे झोप उडाली, चिडचिड वाढली, जीव कशात रमेना, तर डॉक्टर गाठा. गाडी चालवतो, हे पहिल्यांदा सांगा. काही औषधांनी गुंगी येते, तेव्हा औषध कोणतं, कधी घ्यायचं आणि गाडी कधी चालवायची, हे त्यांनाच ठरवू द्या. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. झोपेसाठी दारूचा आधार तर नकोच. उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिला आहे. डबल ड्युटी घेताना एवढं आठवा: दोन ड्युट्यांमध्ये सलग ९ तास विश्रांती हवी, हे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच लिहिलं गेलं. ती विश्रांती म्हणजे कामचुकारपणा नव्हे.

माझ्या वेळी नव्हती अशी एक सोय २०२२ पासून आहे: टेलि-मानस, फोन १४४१६. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटला तर त्या क्षणी लावा, आणि एकटे बसू नका.

जोडीदार गप्प-गप्प दिसला, डबा न उघडताच परत नेऊ लागला, तर त्याला बाजूला घेऊन विचारा. नुसतं विचारून सोडू नका, दवाखान्यापर्यंत सोबत जा. माझ्यासोबत कुणीतरी आलं, म्हणून मी गेलो.