नस जाळण्याआधी जिना उतरून बघा

गुडघ्याच्या दुखऱ्या नसा रेडिओफ्रीक्वेन्सीने जाळण्याचा उपचार चांगला आहे, हे मी अनुभवाने सांगते. पण त्याआधीची चाचणी कुणी टाळत असेल, तर तिथून उठून या.

माझे दोन्ही गुडघे झिजलेले. एक्स-रेत उजव्याची झीज जास्त, पण रात्री जीव घ्यायचा तो डावा. पहिल्या क्लिनिकमध्ये ही विसंगती कुणाला खटकली नाही. बिनटाक्याचं आहे, संध्याकाळी घरी, एवढंच सांगितलं, गुंगी दिली आणि डाव्याच्या नसा जाळल्या. दुखणं तसूभर हललं नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी मला आडवं करून पाय वाकवून आत वळवला, तशी जांघेतून निघालेली कळ थेट गुडघ्यात उतरली. दुखणं खुब्याचं होतं! खुब्याची कळ गुडघ्यात जाणवते, कमरेत दबलेल्या नसेचीही जाणवते. अशा वेळी गुडघ्याच्या नसा जाळून काय होणार?

दुखणं गुडघ्याचंच आहे की नाही, हेच चाचणी सांगते. गुडघ्याच्या वर दोन्ही बाजूंना आणि खाली आतल्या बाजूला, अशा तीन जागी बधिर करणारं औषध थोडंसं टोचतात. खालची बाहेरची जागा सहसा सोडतात, कारण पाऊल उचलणारी नस तिथून जवळ जाते. औषधाचा अंमल काही तासांचा. तेवढ्यात दुखणं निदान निम्म्याने उतरलं, तरच पुढे जायचं.

उजव्याची चाचणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "काकू, आता पडून राहू नका. रोज जे जमत नाही, ते करा." मी दवाखान्याचा जिना उतरले, चढण्यापेक्षा उतरतानाच माझा गुडघा धरायचा. घरी येऊन विळीवर बसून भाजी चिरली, कशाचाही आधार न घेता उठले आणि दर तासाला दुखणं दहापैकी किती, ते वहीत लिहिलं. खुर्चीत बसून हे तास घालवले, तर चाचणी वाया गेली समजा. आणि डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून कमी आकडा सांगू नका.

प्रत्यक्ष उपचारात जागं असणं महत्त्वाचं, गुंगी हलकीच हवी. सुई हाडाशी टेकली की आधी जलद करंट देतात; गुडघ्यात आत मुंग्या येतात, त्या कुठे येतात हे तुम्हीच सांगायचं असतं. मग सावकाश करंट देऊन पाय किंवा पाऊल उडत नाही ना, ते बघतात. त्यानंतर जागा बधिर करून साधारण ऐंशी अंश तापमानाला एकेक नस मिनिट-दीड मिनिट तापवतात.

लगेच आराम पडत नाही. पहिले काही दिवस साडीचा काठ घासला तरी चुरचुरायचं. ते ओसरलं आणि मग खरी झोप लागू लागली. हा आराम बहुधा सहा महिने ते वर्षभराचा, कारण नस पुन्हा वाढते. माझं दुखणं वर्षाच्या आतच परतलं. उपचार पुन्हा करता येतो. 'कायमची सुटका' असं पत्रकावर छापणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. झिजलेली कूर्चा याने भरून येत नाही, म्हणून दुखत नाही त्या महिन्यांत मांडीचे स्नायू कमवून घ्या. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा, एवढ्यापासून सुरुवात केली तरी चालेल. पाय धनुष्यासारखा वाकला असेल किंवा गुडघा चालता चालता लचकत असेल, तर सांधेबदल करणाऱ्या सर्जनना दाखवा. नसा जाळल्याने ती वाट बंद होत नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पेसमेकर असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा. गोळी मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल, तर इंजेक्शनात स्टेरॉइड आहे का ते विचारा. त्याने साखर काही दिवस चढते. आणि विम्याची मंजुरी तारीख घेण्याआधी लेखी मागा. एका दिवसात घरी सोडण्याचा उपचार तुमच्या पॉलिसीत बसतो की नाही, हे बिल हातात आल्यावर कळून उपयोग नाही.