किलोचा भाव लावण्याआधी
घरून केक करून विकायचं ठरलं की दराचा प्रश्न येतो, आणि बहुतेक जणी त्याचं उत्तर कोपऱ्यावरच्या बेकरीत शोधतात. मीही तिथेच शोधलं. बेकरीत अर्ध्या किलोचा पाइनॅपल केक साडेतीनशेला होता. त्यावर थोडे चढवून मी थीम केकला पाचशे लावले. ऑर्डरी भराभर आल्या. हातात पैसा मात्र उरेना, आणि जागरणं वाढत गेली. शेवटी वही घेऊन बसले.

अर्ध्या किलोच्या एका फॉन्डंट केकचा हिशेब असा निघाला. स्पंज, क्रीम आणि आतलं सारण मिळून २६० रुपये, फॉन्डंट आणि रंग १२०, बोर्ड, बॉक्स, टॉपर ६०, वीज २०. झाले ४६०. पाचशेतून उरले चाळीस. त्या केकवरचा हत्ती, ढग आणि फुगे घडवायला, लावायला माझे पाच तास गेले होते. म्हणजे तासाला आठ रुपये!

घोळ किलोत आहे. बेकरीत एकाच तऱ्हेचे केक ट्रे भरभरून निघतात, त्यामुळे कारागिराचा वेळ सगळ्यांत वाटला जातो आणि वजनावर भाव परवडतो. आपला प्रत्येक केक वेगळा. केक अर्ध्या किलोचा असो की किलोचा, हत्तीला वेळ तेवढाच लागतो. ब्लाउज शिवणारी ताई कधी कापडाच्या मीटरवर शिलाई सांगते का? अस्तर, गळा, वर्क बघूनच सांगते. तुम्हीही साहित्याचा खर्च वेगळा मांडा आणि हाताचे तास वेगळे. तासाला शंभर धरले तरी वरचा केक ९६० वर जातो. बिघाड, वाया गेलेलं क्रीम, नोझल-बीटरची झीज यासाठी दहा टक्के चढवले की साधारण १,०५०. हा आकडा उच्चारताना सुरुवातीला जीभ अडखळते. तरी तो सांगाच.

साहित्याच्या खर्चात आणायला गेलेले पैसेही येतात. ठाण्याहून लोकलने क्रॉफर्ड मार्केट गाठलं की माल स्वस्त मिळतो, पण अर्धा दिवस जातो. २,००० वॅटचा ओव्हन तासभर सलग तापला तर दोन युनिटं जळतात, तीही लिहा. आणि भाव वर्षभरासाठी बांधून ठेवू नका. २०२४ साली आयव्हरी कोस्ट आणि घानामध्ये कोकोचं पीक घटलं, जागतिक बाजारात कोको टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला, आणि चॉकलेटच्या केकचं गणित कोलमडलं. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती फॅट असतं, म्हणून ते स्वस्त पडतं. ते वापरत असाल तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा आणि दरही तसाच लावा.

सगळ्यात अवघड असतात आपलीच माणसं. ‘घरचंच तर आहे, तुला काय लागतं?’ हे वाक्य ऐकावं लागेलच. माझं मत पक्कं आहे: भाच्याच्या वाढदिवसाचा केक द्यायचा तर पूर्ण भेट म्हणून द्या, नाहीतर पूर्ण पैसे घ्या. अर्ध्या किमतीत कधीच देऊ नका. त्या समारंभात कुणीतरी विचारतंच, ‘कितीला पडला?’ आणि तोच आकडा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमचा दर होऊन बसतो.

कुणी फोटो पाठवून ‘अगदी असाच, पण सातशेत’ म्हणालं, तर तोच केक स्वस्तात करायला जाऊ नका. सातशेत काय छान होईल ते सांगा: व्हिप क्रीमचा साधा केक, वर ताजी फळं, बाळाचं नाव. अनेकजण आनंदाने तो घेतात. जे जातात, त्यांना जाऊ द्यावं.

एफएसएसएआयची नोंदणी पहिल्या ऑर्डरीआधीच करा. तो १४ आकडी क्रमांक बिलावर असला की भाव सांगतानाही आधार वाटतो. पोचवायचे पैसे वेगळे घ्या. गिऱ्हाईक स्वतः नेणार असेल तर बॉक्स उघडून दाखवा, फोटो काढा, मगच हातात द्या. रिक्षात स्पीडब्रेकरवर बसलेल्या दणक्याची भरपाई तुमच्या कमाईतून जायला नको. निम्मे पैसे आगाऊ घ्या, आणि फॉन्डंटचं काम सुरू झाल्यावर ऑर्डर रद्द केली तर ते परत मिळणार नाहीत, हे ऑर्डर घेतानाच मेसेजमध्ये लिहून टाका.