भाषापाठ : ‘निंदणे’ आणि ‘धिक्कारणे’

हरसूलच्या बाजूस भात-नागलीची निंदणी न पाहिलेले मूल विरळाच. अशा मुलास ‘कोणासही निंदू नये’ हे वाक्य शिकविले तर ते साहजिकच गोंधळते. शेतात जे चांगले काम, ते वर्गात वाईट कसे? ही शंका हसण्यावारी नेऊ नये. तिच्यातूनच पाठास आरंभ करावा.

दोन ‘निंदणे’ : दोषारोप करणे या अर्थाचा ‘निंदणे’ हा शब्द संस्कृत ‘निन्द्’ धातूपासून आला. तण काढणे या अर्थाच्या शब्दाचे मूळ वेगळे आहे. ‘निर्’ म्हणजे बाहेर आणि ‘दा’ म्हणजे कापणे, यांपासून तो झाला. विळा या अर्थाचा ‘दात्र’ हा शब्दही याच धातूचा. तण काढणाऱ्यास संस्कृतात ‘निर्दाता’ म्हणत. शेजारच्या गुजरातीतही ‘नींदवुं’ म्हणजे तण काढणे होय. काळाच्या ओघात दोन्ही शब्दांचे रूप एक झाले. अर्थ मात्र निराळे राहिले.

धिक्कारणे : तीव्र नापसंती दर्शविणारे हे क्रियापद. ‘धिक्’ हे संस्कृत अव्यय असून ते मराठी ‘छी’सारखे तिरस्काराचे उद्गार आहे. ‘हुं’ म्हणणे तो हुंकार, तसे ‘धिक्’ म्हणणे तो धिक्कार. नामास ‘णे’ लागून स्वीकारणे, नमस्कारणे यांप्रमाणे धिक्कारणे हे क्रियापद सिद्ध झाले. मुले ‘धिकारणे’ असे लिहितात. ‘धिक्’मधील क् आणि ‘कार’मधील क असे दोन वर्ण फळ्यावर सुटे करून दाखवावेत.

अर्थाची तीव्रता : नापसंत करणे, दोष देणे, निंदणे, धिक्कारणे अशी चढती श्रेणी मुलांकडून लावून घ्यावी. धिक्कारात केवळ दोष सांगणे नसते, तर ती गोष्ट मुळीच मान्य नाही असा निश्चय असतो. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तो अस्पृश्यतेच्या रूढीचा कृतीने केलेला धिक्कार होता.

शिक्षकांनी घ्यावयाची काळजी : धिक्कार कृत्याचा करावा, मुलाचा नव्हे. ‘तू खोटारडा आहेस’ याऐवजी ‘हे बोलणे खोटे होते’ असे म्हणावे. बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. निंदणी करणारा तण उपटतो आणि रोप जपतो; शिक्षकाचे कामही तेच.

अभ्यास :
१. ‘निंदणे’ हा शब्द दोन्ही अर्थांनी वाक्यांत योजा.
२. ‘-कार’ अंती असलेले पाच शब्द लिहा. त्यांपैकी कोणत्या शब्दांस ‘णे’ लागते ते सांगा.
३. ‘धिक्कारावी’ अशी एक रूढी सांगा व कारण लिहा.